मुलांची पुस्तकं फक्त सुट्टीपुरतीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी न चुकता वाचते आणि त्याबद्दलच लिहितेय. भांडण नाहीये, पण बरेच दिवस डोक्यात होतं. मुलांच्या पुस्तकांना तुमच्याकडे जागा मिळते ती मे महिन्यात, नाहीतर १४ नोव्हेंबरच्या आसपास, आणि तीही कशी तर "सुट्टीत मुलांना काय वाचायला द्याल?" असल्या मथळ्याखाली पाच-सहा कव्हरं चिकटवायची, खाली दोन-दोन ओळी, त्यातली एक ओळ हमखास "संस्कारक्षम" या शब्दाची. अहो, मुलांना काय द्यायचं ते बघू, पण आम्ही वाचतो त्याचं काय?

कारण मी वाचते. मुलाने वाचलं का हे तपासायला नाही, स्वतःसाठी. मुलगा तिसरीत, मुलगी आठवीत, दोघांची पुस्तकं घरात लोळत असतात आणि रात्री ओटा आवरून झाला की मी त्यातलंच एखादं उचलते. सकाळी लोकलमध्ये पण तेच बॅगेत असतं. लेडीज डब्यात एकदा शेजारच्या ताईंनी कव्हर बघून विचारलं, "मुलाचा अभ्यास घेताय का?" मी म्हटलं नाही हो, मलाच वाचायचंय, पुढे काय होतं बघायचंय. त्यांनी असं बघितलं की जणू मी त्या गर्दीत लंगडी घालत होते. मग ठाण्यापर्यंत त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या हे वेगळं सांगायला नको.

आता फास्टर फेणेच घ्या. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, पुण्यात विद्याभवनात शिकायला असलेला, सायकल आणि त्याचं ते तोंडाने काढलेलं "ट्टॉक्". लहानपणी मी फक्त पुढे काय होतं म्हणून पानं उलटली होती. आता वाचताना दिसतं की भा. रा. भागवत कुठेच थांबून उपदेश करत नाहीत, पोरगं संकटात उडी मारतं आणि लेखक त्याच्या मागे पळत सुटतो, बस. त्यात मोठी माणसं बरेचदा बावळट असतात, त्यांना सगळ्यात उशिरा कळतं, आणि आई झाल्यावर हे वाचायला जास्तच मजा येते. भागवतांचा जन्म १९१०चा. चीनच्या लढाईवर बेतलेल्या गोष्टीत बन्याला थेट सरहद्दीवर पोचवलं तेव्हा या माणसाने पन्नाशी ओलांडली होती, आणि तरी भाषा कशी, तर वर्गातल्या मागच्या बाकावरची. ज्यूल व्हर्न मराठीत आणलेला लेखक आहे, गोष्ट पळती कशी ठेवायची हे त्या हाताला माहीतच होतं. याच्यावर मोठ्यांसाठी एक नीट परीक्षण का नको? चाळीस वर्षांनी पुन्हा वाचताना काय टिकलं, काय जुनं वाटलं (मुली जरा कमीच आहेत, हे खरंच आहे), असं काहीतरी.

दुसरं म्हणजे माधुरी पुरंदरे. ज्या बाईंनी बेकेटचं गोदो हे नाटक मराठीत आणलं, पिकासोवर पुस्तक लिहिलं, त्याच "राधाचं घर" लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. म्हणजे एकीकडे त्या मोठ्या लेखिका आणि दुसरीकडे जाता जाता मुलांसाठी थोडंसं, असं आहे का? मला तरी नाही वाटत. राधाच्या घरातली आजी, आजोबा, आई, बाबा आपल्या शेजारच्या घरातलेच वाटतात, आणि कुठेही "म्हणून मुलांनो" नाही. मुलगा झोपल्यावर मी ती चित्रं परत बघत बसते हे नवऱ्याला विनोदी वाटतं, पण मागच्या आठवड्यात दारात उभा राहून तोही बघत होता. विंदा करंदीकरांचं पण तसंच, ज्ञानपीठ मिळालेला कवी, पण त्यांची १९६१ची "राणीची बाग" आम्ही मोठ्याने वाचतो तेव्हा मुलापेक्षा मीच जास्त हसते. कवितेत असली मस्ती मोठ्यांच्या संग्रहांत फार सापडत नाही, आणि हे माझं मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

खरी पंचाईत होते ती मुलीच्या वयाला. दहा-अकरापर्यंत मराठीत बऱ्यापैकी आहे, आणि मग एकदम खड्डा. बारा ते सोळा वयाच्या पोरांना आपण फास्टर फेणेवरून उचलून थेट "मृत्युंजय"सारख्या मोठ्यांच्या जाडजूड कादंबरीवर नेऊन आपटतो. मधे काय? मिलिंद बोकिलांची "शाळा" ही कादंबरी आणि प्रकाश नारायण संतांची लंपनची पुस्तकं आहेत, मला दोन्ही प्रचंड आवडतात, पण ती पोरांबद्दल आहेत, पोरांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, हा फरक मुलीला दोन पानांत कळतो. मग ती इंग्रजीकडे वळते, आणि तिच्या मागोमाग मी. हॅरी पॉटर तर वाचलंच, हंगर गेम्सही वाचलं, आणि मजा म्हणजे त्यावर आमच्या दोघींची जी भांडणं होतात, त्यातल्या कॅटनिसने कोणावर भरवसा ठेवायला हवा होता वगैरे, तेवढं ती शाळेबद्दल आठवड्याभरात बोलत नाही. पण हे सगळं मराठीत असावं असं वाटतंच ना. आता यावर कोणी म्हणेल की प्रकाशक छापत नाहीत कारण खप नाही. खप कुठून असणार, पुस्तक आलंय हेच कोणाला कळत नाही, तुमच्या पानावर तर ते येतच नाही.

आमच्या जवळच्या वाचनालयात तर आणखी गंमत. बालविभागाचं सभासदत्व मुलाच्याच नावावर, मला त्या कपाटातलं पुस्तक माझ्या कार्डावर मिळत नाही. काउंटरवरच्या काकांनी समजावलं, "मॅडम, तुमच्यासाठी तिकडे कादंबऱ्या आहेत." म्हणून हल्ली मुलाच्या कार्डावर मी माझ्या आवडीची पुस्तकं आणते आणि तो तोंड वाकडं करतो कारण त्याला भुतांची हवी असतात. शेवटी फुकटात आनंद मिळतो तो "किशोर"चा, बालभारतीने १९७१मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक आता ऑनलाइन आहेत, मी लहानपणीचे अंक शोधून काढून परत वाचलेत, जाहिरातींसकट.

तर विनंती एवढीच. महिन्यातून एकदा तरी मुलांच्या किंवा किशोरवयीनांच्या एका पुस्तकाचं परीक्षण द्या, पूर्ण, कादंबरीचं देता तेवढ्याच जागेत, आणि ते लिहिणाऱ्याला सांगा की यातून मुलांनी काय शिकावं ते नको, वाचताना तुम्हाला मजा आली का ते लिहा. नाही आली तर तसं लिहा, वाईट पुस्तकाला वाईट म्हणा, मुलांच्या पुस्तकाला सगळे उगाच गोड बोलतात. चित्रकाराचं नाव विसरू नका. आणि किंमत छापा, पुस्तक कुठे मिळेल तेही छापा, कारण डोंबिवलीत दुकानदाराला नुसतं नाव सांगितलं की तो "मागवून ठेवतो" म्हणतो आणि मग विसरतो.

आपली,
एक वाचक (आणि दोघांची आई)
डोंबिवली