सुरतेच्या जुन्या कबरी आणि ट्रायपॉडची परवानगी : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर प्रणाम.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारकांमध्ये हौशी, अव्यावसायिक छायाचित्रकारांना ट्रायपॉड लावण्याची परवानगी सोप्या पद्धतीने आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी किरकोळ वाटेल. परंतु जुन्या फिल्म कॅमेऱ्यांनी कबरी, छत्र्या आणि दफनभूमीतील वास्तू टिपणारी आमच्यासारखी मंडळी नेमकी तिथेच अडली आहेत. २०१८ साली सर्वेक्षणाने अजिंठा लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालाचा कबरीचा गाभा वगळून इतर स्मारकांत छायाचित्रणाची मुभा दिली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र तिचा लाभ मुख्यतः मोबाइलवाल्यांना झाला. ट्रायपॉडसाठी आजही आगाऊ लेखी परवानगी लागते.

उदाहरणादाखल सुरतेतील इंग्रज आणि डच दफनभूमी घेऊ. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचे प्रमुख असलेले सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली तिथेच वारले. त्यांचे बंधू ख्रिस्तोफर त्याआधी दहा वर्षे, १६५९ मध्ये गेले होते. दोघांची मिळून उभी असलेली दुमजली समाधी पाहताना ही कोणा व्यापाऱ्याची कबर आहे, असे चटकन वाटत नाही. जाडजूड खांब, वर जाणारे जिने आणि माथ्यावर क्रुसाच्या आकारात एकत्र येणाऱ्या उघड्या कमानी असा तिचा थाट आहे. याच घराण्यातील हेन्री ऑक्झेंडन १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला हजर होते, म्हणून मराठी माणसाला हे आडनाव तसे परके नाही.

पलीकडे डचांच्या दफनभूमीत १६९१ साली वारलेल्या हेंड्रिक व्हान रीड या डच कंपनीच्या अधिकाऱ्यांची दुहेरी घुमटाची समाधी आहे. इंग्रजांवर ताण करण्यासाठीच ती एवढी मोठी बांधली, असे सांगतात, आणि ती पाहिल्यावर ते खरेही वाटते. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ याच व्हान रीड यांनी सिद्ध करवला. त्या कामात साह्य करणाऱ्या रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट यांचे कोकणीतील प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. अशा माणसाच्या समाधीची नीट, तपशीलवार छायाचित्रे व्हावीत, ही इच्छा केवळ हौसेपोटी नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळतो. माझ्याकडे केरळातील अलप्पुळा येथे बनलेला सागवानी ‘वागीश्वरी’ फील्ड कॅमेरा आहे. पितळी कड्या, भाता आणि मागे दुधी काच अशी त्याची रचना. एके काळी देशभरातील स्टुडिओंमध्ये असे कॅमेरे सर्रास दिसत. डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर पाहिले की समाधी उलटी दिसते, आणि भिंगाने फोकस तपासताना गिलाव्यातली केसाएवढी चीरसुद्धा नजरेस पडते. उंच घुमट टिपायचा असेल तर कॅमेरा मान वर केल्यासारखा तिरका करावा लागत नाही. लेन्सची पाटी तेवढी वर सरकवायची, म्हणजे खांब सरळ उभेच राहतात, आत कलल्यासारखे दिसत नाहीत. पुढे कधी डागडुजी करायची वेळ आली तर वास्तूची प्रमाणे सांगणारे असे चित्र उपयोगी पडते. परंतु मंद फिल्म, बारीक केलेले छिद्र आणि घुमटाखालची सावली यांमुळे एकेका चित्राला कित्येक सेकंद, कधी त्याहूनही अधिक उजेड द्यावा लागतो. तेवढा वेळ कॅमेरा हातात धरून स्थिर ठेवणे कोणालाही शक्य नाही. ट्रायपॉडशिवाय हा कॅमेरा म्हणजे नुसती पेटी आहे.

एका संरक्षित स्मारकात (नाव मुद्दाम घेत नाही) मला दारातच अडवण्यात आले. कॅमेरा पाहून तेथील कर्मचाऱ्यांना चित्रीकरणाचे युनिट आले आहे, असे वाटले. त्यांचा दोष नव्हता, कारण अव्यावसायिक ट्रायपॉडसाठी त्यांच्या हातात कोणताच स्पष्ट कागद नव्हता. रीतसर अर्ज केला, तर उत्तर येईपर्यंत थंडीतला तिरपा उजेड निघून गेला होता. हा उजेड आम्हाला का हवा असतो, हेही सांगतो. झिजलेल्या शिलालेखाची अक्षरे वाचण्यासाठी काही लोक त्यांवर खडू घासतात, पाणी ओततात. त्याने दगडाचे नुकसानच होते. सकाळी सूर्य खाली असताना उजेड अक्षरांवरून घसरत जातो, तेव्हा कशालाही हात न लावता तीच अक्षरे उठून दिसतात.

म्हणून विनंती अशी, की विभागीय कार्यालयांना एक परिपत्रक पाठवावे. छायाचित्रकाराने ओळखपत्र, तारीख आणि कॅमेऱ्याचे वर्णन द्यावे. सात कामकाजाच्या दिवसांत होकार किंवा सकारण नकार मिळावा. ट्रायपॉडच्या पायांना रबरी टोप्या, फ्लॅशला पूर्ण बंदी, जिन्यात किंवा वाटेत अडथळा नाही आणि कबरीला स्पर्श नाही, या अटी आम्हाला मान्य आहेत. गर्दीची स्मारके किंवा सणावाराचे दिवस वगळले, तरी आमची तक्रार नाही. उलट प्रत्येक परवानगीमागे एक प्रिंट आणि निगेटिव्हचे उत्तम दर्जाचे स्कॅन त्या विभागाला विनामूल्य देण्याची अट घालावी. सर्वेक्षणाच्या स्वतःच्या संग्रहात जुन्या काचेच्या निगेटिव्ह आहेतच. त्या ज्या पद्धतीच्या कॅमेऱ्याने घेतल्या, त्याच पद्धतीने आज घेतलेले चित्र शेजारी ठेवले, तर शंभर वर्षांत काय ढासळले हे तुलनेने पाहता येईल.

मुंबईतील शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीसारख्या जागा, जिथे व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे विटेट विसावले आहेत, आपल्या खात्याच्या कक्षेत येत नाहीत, याची मला कल्पना आहे. तरीही केंद्राने एकदा नमुना घालून दिला, की इतर संस्थांपुढे तोच कागद ठेवणे आम्हाला सोपे जाईल.

हे परिपत्रक पावसाळा सरण्यापूर्वी निघाले, तर येत्या थंडीतच कामाला सुरुवात करता येईल.

आपला विश्वासू,
एक हौशी छायाचित्रकार