फी भरली की काम सुरू होतं

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, मिगमॉ या मूलनिवासी लोकांच्या गावात तुझी नेमणूक झाल्याचं पत्र वाचलं. हुद्दा रोजगार सल्लागाराचा आहे, पण समोर येऊन बसणारा माणूस सहसा सल्ला मागत नाही, तो कोर्सची फी मागतो. फी देणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. फी भरल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंत वाटेत जे खड्डे असतात, त्यांत माणसं अडकतात. ते बहुतेक खड्डे आधीच दिसत असतात, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

पैसा कुठून येतो ते आधी पक्कं कर. पदवी-पदविकेसाठी पोस्ट-सेकंडरी स्टुडंट सपोर्ट प्रोग्रॅम आहे. इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडा या केंद्र सरकारच्या खात्याकडून निधी येतो आणि गाव आपल्या नियमांनुसार तो वाटतं. फी, पुस्तकं, प्रवास आणि राहण्याचा भत्ता त्यात बसतो, पण निधी मोजका असतो. म्हणून आधीपासून शिकत असलेल्यांना बहुधा प्राधान्य मिळतं आणि नवे अर्ज मागे राहतात. दुसरी वाट आयसेटची, म्हणजे इंडिजिनस स्किल्स अँड एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग. एप्रिल २०१९ मध्ये ती आधीच्या असेट्स योजनेच्या जागी आली. नोकरीशी थेट जोडलेलं प्रशिक्षण, मालकाला वेतन-अनुदान, शिकणाऱ्याच्या मुलांचं पाळणाघर या गोष्टी तिच्यात मोडतात. एकाच माणसाला दोन्हींची गरज पडू शकते, पण एकाच खर्चाला दोन्हीकडून पैसे लावू नकोस. हिशेबतपासणीत तेच आधी सापडतं.

विद्यार्थ्यांचा पहिला खड्डा भाड्याचा. भत्ता सप्टेंबरपासून सुरू होतो, पण प्रांताच्या राजधानीतली, हॅलिफॅक्समधली, खोली उन्हाळ्यातच ठरवावी लागते आणि अनामत तेव्हाच मोजावी लागते. नोव्हा स्कोशियात घरमालकाला अर्ध्या महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. हे मुलांना सांग, कारण जास्त मागणारे भेटतातच. दुसरा खड्डा ऑक्टोबरात येतो. एखादा विषय जड जातो, मुलगा तो सोडतो, पूर्णवेळचा अर्धवेळ होतो आणि भत्ता कमी होतो. विषय सोडण्याआधी तुला फोन करायचा, एवढं वचन करारावर सही घेतानाच घे.

आता ज्याच्यावर सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते: एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स (ईआय), म्हणजे काम गेलेल्यांना मिळणारा बेकारी भत्ता. ईआय घेणारा माणूस कामाला उपलब्ध असावा लागतो. पूर्णवेळ वर्गात बसणारा तसा उपलब्ध नसतो, त्यामुळे त्याचे पैसे थांबू शकतात. त्या कायद्याच्या कलम २५ खाली अधिकृत संस्थेनं कोर्सला पाठवलं असेल, तर तो उपलब्ध आहे असं धरलं जातं. तुझ्या कार्यालयाला हा अधिकार थेट आहे की आयसेटचा करार ज्या संस्थेच्या नावावर आहे तिच्यामार्फत, ते पहिल्याच दिवशी विचार. क्रम असा: भेट, गरजेची नोंद, कृती-आराखड्यावर सही, कलम २५ ची नोंद आणि त्यानंतरच कोर्सचा पहिला दिवस. ‘सोमवारी वर्ग सुरू झालाय, कागद नंतर करू’ असं म्हणत कुणी आलं, तर कोर्स चांगला असूनही घरातला पैसा आटतो आणि तिसऱ्या आठवड्यात बाक रिकामं होतं. चालू नोकरी सोडून शिकायचं असेल तर जास्तच जप. मंजुरीआधी राजीनामा दिला, तर स्वेच्छेनं काम सोडलं असं ठरून ईआय नाकारला जातो.

मासेमारांचं गणित निराळं. नेहमीच्या ईआयला भागातल्या बेरोजगारीनुसार ४२० ते ७०० तास लागतात. मासेमाराच्या ईआयला तास लागत नाहीत, कमाई बघतात: २,५०० ते ४,२०० डॉलर. उन्हाळी हंगामाचे पैसे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मिळू लागतात. प्रांतातल्या केप ब्रेटन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लॉबस्टरचा हंगाम मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. म्हणजे बोटीवरच्या माणसाचा कोर्स जानेवारीत सुरू होऊन एप्रिलच्या आत संपायला हवा. मेमध्ये ठेवलेला वर्ग ओस पडतो, आणि त्यात त्या माणसाचा आळस शोधण्यात अर्थ नाही.

मासेमारी इथे केवळ धंदा नाही, हेही ध्यानात ठेव. ब्रिटिशांशी झालेल्या १७६०-६१ च्या करारांवर बोट ठेवून डोनाल्ड मार्शल ज्युनियर या मिगमॉ माणसानं सर्वोच्च न्यायालयात मासेमारीच्या हक्काचा खटला जिंकला, सप्टेंबर १९९९ मध्ये. त्यानंतर गावांच्या नावानं परवाने आणि बोटी आल्या, आणि बोटींना माणसं लागू लागली. २०२१ मध्ये मेम्बरटू आणि मियावपुकेक या गावांच्या पुढाकारानं मिगमॉ गावांच्या गटानं क्लिअरवॉटर ही मोठी मासळी कंपनी एका भागीदारासह विकत घेतली. डेकवरच्या कामाला समुद्रातल्या आणीबाणीचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचार पुरतात. कप्तान व्हायचं तर रेडिओचं प्रमाणपत्र, सागरी वैद्यकीय तपासणी आणि समुद्रावर काढलेल्या दिवसांचा सहीचा पुरावा लागतो. अडतं ते या शेवटच्या कागदापाशी. दिवस भरलेले असतात, नोंद कुणी ठेवलेली नसते. म्हणून हंगाम सुरू होतानाच वही दे आणि दर आठवड्याला कप्तानाची सही घ्यायला सांग.

सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांच्या बाबतीतही हेच होतं. गावात घरं बांधणारी तुकडी असते, पोरं वर्षानुवर्षं काम करतात, पण तास मोजले जात नाहीत. कारण दोन. एक तर नोव्हा स्कोशिया अप्रेंटिसशिप एजन्सीकडे करार नोंदवलेला नसतो. दुसरं, तुकडीत सही करायला त्या व्यवसायाचा प्रमाणित कारागीर नसतो. चार पोरांची फी भरण्याआधी असा एक कारागीर तुकडीवर आणायला गृहनिर्माण विभागाला राजी कर, चारही पोरांचे तास चालू होतात. आधीचा अनुभव मोजून घेण्याची सोय आहे, पण पगारपत्रकं आणि मुकादमाचं पत्र लागतं. शेवटी रेड सीलची, म्हणजे देशभर चालणाऱ्या कारागीर-प्रमाणपत्राची परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. हाताचं काम उत्तम येणारी माणसं तिथे अपूर्णांकांवर घसरतात. तीन-अष्टमांश आणि पाच-षोडशांश इंच मिळून अकरा-षोडशांश, हे टेप हातात धरून शिकव, फळ्यावर नको.

बारावी राहिलेल्यांसाठी असलेली, बारावीच्या तोडीची जुनी जीईडी परीक्षा २०२४ मध्ये बंद झाली. आता सीएईसी आहे, वाचन, लेखन, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र अशा पाच परीक्षांची. जुनी पुस्तकं कपाटातून काढून टाक.

वाहन परवान्याचा कोर्स फालतू वाटेल, पण बहुतेक नोकऱ्या तिथेच अडतात. केप ब्रेटनमधल्या सिडनी शहरात जायला गाडी हवी आणि शिकाऊ परवान्यावर एकट्यानं गाडी चालवता येत नाही. पूर्ण परवान्याआधी सक्तीचा काळ काढावाच लागतो. म्हणून कृती-आराखड्याच्या पहिल्या ओळीत परवाना लिही, वेल्डिंग दुसऱ्या ओळीत.

उपस्थितीचे नियम लिहिताना गावाचं पंचांग समोर ठेव. जुलैच्या अखेरीस पॉटलोटेकला सेंट ॲनची यात्रा असते, १ ऑक्टोबरला ट्रीटी डे, म्हणजे त्या जुन्या करारांचा दिवस. गावात कुणी गेलं तर अंत्यविधीला आणि नंतरच्या सालितेला गाव लोटतं. जेवण असतं, वस्तूंचा लिलाव होतो, त्यातून त्या घराचा खर्च निघतो. तीन गैरहजेऱ्या म्हणजे नाव कमी, असा बाहेरच्या संस्थेचा नियम तसाच उचललास तर निम्मा वर्ग जाईल. दुखवट्याची रजा करारातच घाल आणि बुडालेला धडा कधी भरून काढायचा तेही त्याखाली लिही.

आणि ‘शिक्षण’ म्हटल्यावर एखाद्या आजीचा चेहरा मिटला तर त्याचं कारण शुबेनॅकडीला आहे. १९३० ते १९६७ तिथल्या निवासी शाळेत मुलांना नेलं जात होतं आणि त्यांची भाषा मोडली जात होती. आपल्याकडच्या आश्रमशाळांशी तिची तुलना चहाच्या गप्पांतही करू नकोस. १९९७ च्या करारानं शाळांचा कारभार परत मिगमॉ लोकांच्या हाती आला, १९९८ मध्ये त्याचा कायदा झाला. आज नोव्हा स्कोशियातल्या तेरा गावांपैकी बारा मिगमॉ किनामात्नेवे या संस्थेत आहेत आणि त्यांच्या मुलांचं बारावी पूर्ण करण्याचं प्रमाण देशातल्या इतर फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूलनिवासी समाजांच्या, मानानं खूपच चांगलं आहे. तू तिथे सुधारणा करायला जात नाहीस. चालतं काम नीट चालवायला जाते आहेस.

शेवटचा खड्डा नोकरी लागल्यावरचा. गावाच्या हद्दीतलं काम असेल तर मूलनिवासींसाठीच्या इंडियन ॲक्ट या कॅनडाच्या कायद्याच्या कलम ८७ नुसार नोंदणीकृत सदस्याच्या पगारावर आयकर नाही. त्यासाठी कामगारानं टीडी१-आयएन हा फॉर्म भरून मालकाकडे द्यावा लागतो. हद्दीबाहेरच्या नोकरीचा दर जास्त दिसला तरी हातात काय पडतं ते मांडून दाखव. करमुक्त पगारावर निवृत्तिवेतनाची, म्हणजे सीपीपीची, कपात आपोआप होत नाही. मालकानं सीपीटी१२४ भरून ती निवडावी लागते, नाहीतर पासष्टीला त्या वर्षांचं काही न मिळण्याची भीती असते. कर नसला तरी विवरणपत्र भरायचंच, नाहीतर मुलांचा चाइल्ड बेनिफिट थांबतो. पहिला पगार दोन आठवड्यांनी येतो आणि गावाचं सामाजिक साहाय्य कधी कधी त्याआधीच बंद होतं. मधल्या दिवसांच्या किराण्याची आणि पेट्रोलची रक्कम आराखड्यात आधीच धर. पहिल्या पगाराच्या दिवशी त्या माणसाला फोन करून पगाराची पावती समोर घ्यायला सांग, आणि सीपीपीच्या ओळीत आकडा आहे की शून्य ते वाचून घे. शून्य असेल तर त्याच दिवशी मालकाच्या पगार विभागाला लिही.

तुझे,
बाबा