कपातीचं पत्र हाती पडलेल्या मित्रास

सातारा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू "मला डिसमिस केलं" म्हणालास. घरीही तेच सांगितलंस. वहिनी म्हणत होत्या, तेव्हापासून अण्णा कट्ट्यावर जायचेच बंद झालेत. फार वाईट वाटलं. तू पाठवलेलं कंपनीचं पत्र मी शांतपणे वाचलं. गड्या, त्यात डिसमिस हा शब्द कुठेच नाही. रिट्रेंचमेंट, म्हणजे कपात, लिहिलंय.

डिसमिस करतात ती शिक्षा असते. चोरी, मारामारी, कायमच्या दांड्या अशी कारणं लागतात. आधी चार्जशीट येते, चौकशी बसते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते. तुला तर कधी साधा मेमोही मिळाला नाही. ऑर्डरी आटल्या, कुपवाडची एक लाइन बंद झाली, माणसं कमी केली; ही कपात. सीएनसी मशीनवरच्या तुझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नाही. हे अण्णांना आज जेवतानाच सांग. तुला जमत नसेल तर मी फोन करतो, पण त्यांच्या मनातून ते जायला हवं.

आता पैशाचं. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुझी 11 वर्षं भरलीत, म्हणजे 165 दिवसांचा पगार झाला. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि त्याच कामावर शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचं, असा नियम आहे. तुझ्यामागून लागलेली पोरं अजून मशीनवर असतील तर कंपनीला त्याचं कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात परत भरती निघाली तर तुला आधी संधी मिळायला हवी.

एचआरचे साहेब "राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील" म्हणतायत, तिथं मात्र सावध राहा. तुझं रेकॉर्ड स्वच्छच आहे. राजीनाम्यावर सही केलीस की कागदोपत्री तू स्वतःहून गेलास, मग कपातीची भरपाई कसली मागणार? कोऱ्या कागदावर तर सही नकोच.

मिरजेच्या मुलाखतीत नोकरी का गेली विचारलं, तर "कपातीत गेली" म्हण आणि हे पत्र दाखव.

गुरुवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीनं सांगलीला येतो, कामगार आयुक्त कार्यालयात बरोबरच जाऊ. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक काढून ठेव, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढ.

तुझाच,
जिवाभावाचा मित्र