एम.ए. अर्थशास्त्र, पण गणित दहावीपर्यंतच

मा. संपादक,

सांगली-मिरजेतल्या अभ्यासिकांत राज्यसेवेच्या जाहिरातीवर दिवसभर खल चालतो. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठीच असलेली भारतीय आर्थिक सेवा, म्हणजे आयईएस, मात्र तिथे क्वचितच कोणाच्या तोंडी येते. ही सेवा १९६१ पासूनची. परीक्षा यूपीएससी घेते, पूर्वपरीक्षा नाही, वय २१ ते ३० (राखीव प्रवर्गांना सवलत). एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज भरता येतो.

जागा मोजक्याच, हे खरे. २०२४ मध्ये १८ होत्या, २०२५ मध्ये १२. पण आपली मुले अडतात ती त्याआधीच.

लेखी १००० गुणांची, मुलाखत २०० गुणांची. इंग्रजी आणि सामान्य अध्ययन १००-१०० गुणांचे. अर्थशास्त्राचे तीन आणि भारतीय अर्थव्यवस्थेचा एक असे चार पेपर प्रत्येकी २००चे. सगळे वर्णनात्मक. त्यामुळे पर्यायांवर गोल काळे करण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्याच पेपरात अवकलन (डिफरन्सिएशन), मॅट्रिक्स, समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे आकड्यांमधला संबंध काढण्याची रीत) येते. कला शाखेतून आलेल्याने गणित दहावीलाच सोडलेले असते आणि एम.ए.ला तो भाग ऐच्छिक म्हणून टाळलेला असतो. शिवाय उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. मराठीतून शिकलेल्या मुलावर हा अन्याय आहे असे माझे मत, पण नियम बदलेपर्यंत थांबून वय थांबत नाही.

या अधिकाऱ्यांचे काम काय, हेही नीट सांगितले जात नाही. केंद्राच्या मुख्य आर्थिक सल्लागाराचे नाव वर्तमानपत्रात येते. त्या पदावर राहिलेले रघुराम राजन, अरविंद सुब्रमण्यम तर या सेवेबाहेरून आलेले. आयईएसचा अधिकारी केंद्रीय मंत्रालयात बसून प्रस्ताव तपासतो. समजा, बेदाण्याच्या शीतगृहाचा प्रस्ताव आहे : आज खर्च १ कोटी, पुढची दहा वर्षे दरसाल निव्वळ १५ लाख. बेरीज दीड कोटी, म्हणून सभेत टाळ्या. पण दहा वर्षांनी मिळणारा रुपया आजचा रुपया नव्हे. पुढच्या रुपयांची आजची किंमत काढायला वर्षाला ८ टक्के दर धरला, तर दहा वर्षांचा गुणक ६.७१ येतो; त्याने त्या १५ लाखांना गुणायचे : १ कोटी ६५ हजार, जेमतेम निभावले. दर १२ टक्के धरला की गुणक ५.६५ : ८४ लाख ७५ हजार, प्रकल्प तोट्यात. दर कोणता धरायचा आणि का, हे टिपणीत लिहून त्यावर ठाम राहणे ही खरी नोकरी. शिवाय अनुदान दिले नसते तरी तासगावच्या व्यापाऱ्याने ते शीतगृह बांधलेच असते का, हाही प्रश्न या अधिकाऱ्यानेच विचारायचा. हा प्रश्न कोणाला आवडत नाही.

महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांनी दोन गोष्टी कराव्यात. एम.ए. भाग एकच्या पहिल्या सत्रात अकरावी-बारावीचे अवकलन आणि मॅट्रिक्स आठवड्याला चार तास शिकवावे; समाश्रयणाची दहा-वीस आकड्यांची उदाहरणे संगणकाआधी हाताने सोडवून घ्यावीत. आणि दर शनिवारी एक जुना प्रश्न घड्याळ लावून इंग्रजीत लिहून घ्यावा. मागील प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, क्लासची फी लागत नाही.

— अर्थशास्त्राचा एक शिक्षक, सांगली