शनिवार-रविवार मी कुठे असते?

मुंबई, सोमवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारता, "सुट्टीत काय केलंस?" आणि मी "काही नाही गं, जरा बाहेर गेले होते" म्हणून मोकळी होते. मग आई ताईला कळवते की धाकटी तिकडे एकटी पडलीय. म्हणून या वेळी सगळं नीट लिहून पाठवते. ताईलाही वाचायला द्या.

शनिवारी आम्ही चौघं काळा घोड्याला भेटलो. मी, माझी गोव्याची रूममेट, ऑफिसमधला नागपूरकर आणि त्याची बायको. बाबा, तुम्ही नेहमी विचारता की तिथे घोडा आहे तरी कुठे. मूळचा पुतळा सातव्या एडवर्डचा होता. तो 1965 साली हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. नुसतं नाव मागे राहिलं होतं, तर 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला. तोही काळाच, पण पाठीवर कोणी राजा नाही. मला हा जास्त आवडतो.

आधी तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. त्याचा घुमट लांबून पाहताना तुमचीच आठवण आली. विजापूरला गोल घुमटात बाबांनी माझ्या नावाने हाक मारली होती आणि ती परत परत ऐकू आल्यावर मी रडायला लागले होते! इमारतीचा वास्तुकार जॉर्ज विटेट, त्याने हा घुमट त्याच गोल घुमटावरून घेतला म्हणतात. आत मीरपूरखासच्या स्तूपावरचा भाजक्या मातीचा एक उपासक आहे. सिंधमधून आलेला, दीड हजार वर्षांचा तरी असेल. हातात कमळ, कुरळे केस, नेसूच्या निऱ्या अगदी मोजून घ्याव्यात अशा, आणि चेहऱ्यावर देवळात रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा निवांतपणा. रूममेट त्याच्यासमोरून हलेना. बाकीची दालनं मग आम्ही जरा पळतच पाहिली. खरं सांगायचं तर एका दिवसात सगळं बघायच्या फंदात पडूच नये.

शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी. आत जायला पैसे लागत नाहीत, तरी लोक दारातून डोकावतात आणि बिचकून परत जातात. मीही पहिलं वर्षभर तेच केलं. आत खुद्द चित्रकार आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. या वेळचे एक गृहस्थ सातारा बाजूचे. आधी इंग्रजीत रंग-पोत-अवकाश असं काहीबाही सांगत होते, पण मी सांगलीची म्हटल्यावर थेट "कृष्णेचं पाणी कसंय औंदा?" वर आले. मग चित्र राहिलं बाजूला आणि अर्धा तास ऊसदराची चर्चा. नागपूरकर बिचारा मान हलवत उभा.

दुपारी चालत धोबीतलावला क्यानीमध्ये. 1904 पासूनचं इराणी हॉटेल आहे. चौकडीच्या कापडाची टेबलं, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या. ब्रून मस्का म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, तो चहात बुडवायचा, नाहीतर दात दुखतात. आई, तू विचारणारच, म्हणून सांगते: जेवण असं झालं नाही, पण खिमा, मावा केक आणि तीन-तीन चहा झाले. बिल वाटून भरलं. रात्री दहाच्या आत घरी, दोघी बरोबर.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, त्यामुळे दादरला पोहोचेपर्यंत घाम निघाला. पण शिवाजी मंदिरला नाटक होतं, चारचा प्रयोग. रांगेत मी सगळ्यांना ऐकवलं की 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे पहिलं मराठी नाटक केलं नसतं तर आज तुम्ही इथे उभेच नसता. नागपूरकर म्हणाला, "हे तू बोलतेयस की तुझे बाबा?" यावर मी काय बोलणार!

नाटक ठीक होतं. पहिला अंक रंगला, दुसऱ्यात उगीच भाषणं. मध्यंतरात बटाटावड्यासाठी धक्काबुक्की, आणि तिसऱ्या घंटेला सगळे तोंड पुसत आत. मागच्या रांगेतल्या आजी प्रत्येक विनोदाआधीच हसत होत्या. बहुतेक आधी पाहिलेलं असणार. संपल्यावर आम्ही फुटपाथवर उभं राहून तासभर भांडलो. नागपूरकराच्या मते नायिकेने शेवटी घर सोडायला नको होतं, त्याच्या बायकोच्या मते पहिल्याच अंकात सोडायला हवं होतं. मला खरी मजा याच तासाची येते. एकटीने पाहिलेलं नाटक घरी येईपर्यंत विरून जातं, भांडून पाहिलेलं आठवडाभर पुरतं. आजही जेवणाच्या सुट्टीत तेच चालू होतं.

तर आई, माझं इथे कोण आहे ते कळलं ना? ही माणसं आहेत. मला ताप आला होता तेव्हा नागपूरकराच्या बायकोनेच खिचडी आणून दिली होती. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता रागावू नकोस.

दिवाळीनंतर तुम्ही दोघं इकडे या. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं मी काढते, खालचे बर्थ बघून. बाबांना एक प्रयोग आणि संग्रहालयाचं एकच दालन, त्यापेक्षा जास्त नाही, गुडघा सांभाळायचाय. आईला जहांगीरला नेईन, तिने रांगोळीच्या नजरेने ती चित्रं बघावीत आणि मोठ्याने मत द्यावं.

येताना भडंग मात्र दोन किलो तरी आणा. मागच्या खेपेचा डबा नागपूरकराने एकट्यानेच संपवला आणि वर विचारतो, "आई-बाबा परत कधी येणार?"

तुमची,
धाकटी