उपवासकाळातील सायंप्रार्थनेला तिची शांतता परत मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला आणि ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी आपल्या दैनिकाने कपाळी राख लावून घेणाऱ्या भाविकांचे छायाचित्र छापले आणि ख्रिस्ती बांधव चाळीस दिवस मांसाहार करत नाहीत, अशी माहितीही आपुलकीने दिली. त्याबद्दल आभार मानून थोडे अधिक लिहावेसे वाटते. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे उपवास, म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी आणि तोही १८ ते ५९ या वयातील माणसांना बंधनकारक आहे. मांस वर्ज्य असते ते या दोन दिवशी आणि उपवासकाळातील शुक्रवारी. अनेक घरांत सगळा काळ मटण शिजत नाही, ती त्या घरांची स्वतःची भक्ती. ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंतचे दिवस मोजले तर ते ४६ भरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने चाळिसात धरला जात नाही.

हे सांगितले ते एवढ्यासाठी की, आमच्या घरांतही आता ताटाचीच चर्चा अधिक होते. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या, बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींविषयी बोलतो आणि प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. उपवासाचे आम्ही काटेकोर पाळतो, दानाची पेटी चर्चमध्ये ठेवलेली असते. पण दार लावून, दिवसाकडे मागे वळून पाहत करायची संध्याकाळची प्रार्थना मात्र घराघरांतून निघून चालली आहे, आणि हे पत्र त्या प्रार्थनेसाठी आहे.

माझे बालपण वसईतल्या एका गावात गेले. तिन्हीसांजेला शेजारच्या हिंदू घरातून 'शुभं करोति' ऐकू येई आणि आमच्याकडे आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, मेणबत्ती लागे. जपमाळ रोजचीच होती. उपवासकाळात तिला एक जोड मिळे: जपमाळ संपली तरी कोणी जागचे उठत नसे. बाबा म्हणत, "आता आपापला दिवस बघा," आणि घर गप्प होई. लहान असताना त्या दोन-चार मिनिटांचा मला कंटाळा येई, हे खरे आहे.

एका उपवासकाळात त्या शांततेनंतर बाबा सर्वांदेखत म्हणाले की, वाडीतल्या गड्याला यायला उशीर झाला म्हणून त्यांनी त्याची अर्ध्या दिवसाची रोजी कापली होती. त्याचे मूल तापाने फणफणले होते, हे त्यांना ठाऊक असूनही कापली होती. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, फुले खुडायलाही न थांबता, बाबा पैसे घेऊन त्याच्या घरी गेले. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायातील वाचन असते, ते मी नंतर समजून वाचले: उपवासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता, असा लोकांवर ठपका ठेवून देव सांगतो की, अन्यायाच्या बेड्या तोडणे आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे हा मला आवडणारा उपवास आहे. बाबांनी हे वाचन किती वेळा ऐकले असेल! पण ते त्यांच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचले ते त्या संध्याकाळी, गप्प बसल्यावर.

ही काही केवळ आमच्या घरची रीत नव्हे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात या आत्मपरीक्षणाला पाच पायऱ्यांचे रूप दिले, आणि त्यांची पहिली पायरी पापांची यादी नसून दिवसभरात मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार ही आहे. मग प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने पाहायचा, चुकले त्याबद्दल क्षमा मागायची आणि उद्याचा एखादा निश्चय करायचा. चर्चच्या रोजच्या प्रार्थनाविधीत झोपण्यापूर्वीची जी शेवटची प्रार्थना आहे, तिची सुरुवातही अशाच आत्मपरीक्षणाने होते आणि तिच्यात बायबलमधील वृद्ध शिमोनाचे गीत म्हटले जाते, ज्यात तो आता मला शांतीने जाऊ दे असे देवाला म्हणतो.

आज अनेक घरांत जपमाळ मोबाइलवर लागते. ध्वनिमुद्रित आवाज प्रार्थना म्हणतो, कोणी भाजी चिरते, कोणी जेवण वाढते, आणि ती संपताच पुढचे काहीतरी आपोआप सुरू होते. आजारी किंवा एकट्या माणसाला त्या आवाजाचा मोठा आधार असतो, हे मी माझ्या शेजारीच पाहते, आणि त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण तो आवाज आपल्या वतीने मरियेला नमस्कार करू शकतो. आज मी कोणाशी कसे वागले, हे माझ्या वतीने सांगू शकत नाही.

चर्चगेटहून विरार लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्यांनी सात वाजता कसे बसायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण या प्रार्थनेला सात वाजताच बसले पाहिजे असे मुळीच नाही. जेवण आटोपल्यावर दहा मिनिटे पुरतात: फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत, बायबलमधील ५१वे किंवा १३०वे स्तोत्र एकाने सावकाश वाचावे, मग सर्वांनी गप्प बसावे आणि शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणावे. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांनाही एवढा वेळ जड जाणार नाही. मोठ्यांनी मुलांसमोर आपली एखादी चूक कबूल केली, तर मुलांना पश्चात्ताप हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

आणि ही प्रार्थना मराठीत, आपल्या बोलीत व्हावी, अशीही माझी कळकळ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले ते मराठी ओवीत, कारण इथल्या माणसाच्या काळजाला ओवी भिडते, हे त्या परदेशी धर्मगुरूला उमगले होते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या नातवंडांना इंग्रजी प्रार्थना पाठ आहेत. त्या त्यांनी जरूर म्हणाव्यात. पण आजीची क्षमा मागायची ती आजीला समजेल अशा भाषेत.

आमच्या धर्मग्रामांना, म्हणजे गावोगावच्या चर्चना, माझी विनंती आहे की, उरलेल्या उपवासकाळासाठी अशा प्रार्थनेचे एक पान मोठ्या अक्षरात छापून रविवारच्या मिस्सेनंतर घरोघरी द्यावे, आणि गावातल्या क्रूसापुढे संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींनीही ध्वनिक्षेपक बंद करून त्यात पाच मिनिटांची शांतता ठेवावी. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची (पाम संडे) मिरवणूक आपण छापालच. त्यासोबत या पानालाही जागा दिलीत, तर आमच्या शेजाऱ्यांना आमच्या उपवासकाळाची ही बाजूही कळेल.

आपली,
एक वाचक, वसई