हनोई-सायगॉन रेल्वे: दिवाळीत नको, एका दमात तर नकोच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भावंडांनी पाठीवर सॅक टाकून दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम गाठावे, हनोईला गाडीत बसावे आणि थेट सायगॉनला (म्हणजे हो ची मिन्ह सिटीला) उतरावे, असे सुचवणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. प्रवास देखणा आहे, यात वाद नाही. हरकत आहे ती दिवाळीच्या मुहूर्ताला आणि ‘एका दमात’ला.

आधी मुहूर्त. आपला पाऊस दसऱ्यापर्यंत ओसरतो, मध्य व्हिएतनामचा तेव्हा कुठे रंगात येतो. त्या देशाच्या पश्चिम सीमेवर त्रुओंग सोन ही डोंगररांग आहे. उन्हाळ्यातले नैर्ऋत्य वारे तिच्या पलीकडे, लाओसच्या बाजूला रिते होतात आणि किनारा कोरडा राहतो. सप्टेंबरपासून वारा ईशान्येचा होतो, समुद्रावरची ओल घेऊन त्याच डोंगरावर आदळतो, शिवाय वादळांचाही तोच मोसम. तामिळनाडूत या दिवसांत पाऊस का पडतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. ह्वे, दा नांग, न्हा त्रांग या शहरांचा पट्टा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुराचा असतो.

रेल्वे नेमकी याच पट्ट्यातून, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून जाते आणि मार्ग एकेरी आहे. एका ठिकाणी दरड आली की अख्खी वाहतूक अडते. पावसाळा नसतानाही हे घडू शकते: एप्रिल २०२४ मध्ये याच मार्गावरच्या बाई ज्यो बोगद्यात दुरुस्ती चालू असताना माती ढासळली आणि प्रवाशांना तेवढा टप्पा बसने ओलांडावा लागला. दिवाळीतच जायचे असेल, तर सायगॉनहून परतीचे विमान आणि शेवटचा रेल्वेटप्पा यांत किमान दोन मोकळे दिवस ठेवावेत.

मेची सुट्टी बरी. ऊन कडक असते, पण डबे वातानुकूलित आहेत आणि समुद्र निळा दिसतो. मात्र ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या असल्याने त्या आठवड्यात तिकीट मिळणे कठीण, तेव्हा ५ मेनंतर निघावे. तेत हे त्यांचे नववर्ष जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येते (२०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला). त्याच्या मागचेपुढचे दोन आठवडे गाडीचा विचारच करू नये. आपल्यासारखी आरएसी किंवा वेटिंग लिस्टची सोय तिथे नाही. जागा आहे तर तिकीट, नाही तर नाही.

आता ‘एका दमात’. अंतर १७२६ किलोमीटर, वेळ साधारण ३२ ते ३६ तास. फ्रेंचांनी १८९९ मध्ये सुरू केलेला हा मार्ग १९३६ मध्ये पुरा झाला, युद्धात तुटला आणि ३१ डिसेंबर १९७६ रोजी पुन्हा सलग सुरू झाला. रूळ मीटरगेज, म्हणून डबे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद आणि वेग बेताचा. सलग बसलात, तर बहुतेकदा दोन रात्री गाडीतच जातात आणि बराचसा प्रदेश अंधारात मागे पडतो. पाहण्यासारखे सगळे वाटेतल्या गावांत आहे, ते वेगळेच.

त्यापेक्षा तुकडे करावेत. हनोई ते ह्वे ६८८ किलोमीटर, तेरा-चौदा तास, रात्रीच्या गाडीने. ह्वे ते दा नांग १०३ किलोमीटर, अडीच-तीन तास, दिवसाच. दा नांग ते न्हा त्रांग ५२४ किलोमीटर, नऊ-दहा तास. न्हा त्रांग ते सायगॉन ४११ किलोमीटर. पण ‘लांबचे तिकीट काढून मध्ये उतरू आणि दुसऱ्या दिवशी पुढे जाऊ’ हे चालत नाही. तिकीट त्या गाडीचे, त्या तारखेचे, त्या जागेचे असते. प्रत्येक तुकड्याचे वेगळे काढावे लागते. फोंग न्याच्या गुहा पाहायच्या असतील, तर ह्वेच्या आधी दाँग होईला उतरावे. होई आन या जुन्या गावाला रेल्वे नाही. दा नांगला उतरून सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने जावे लागते.

ह्वे-दा नांग हा प्रवासाचा गाभा. गाडी हाय व्हान घाट चढते, खाली लांग कोचे खाजण आणि समुद्र. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी हवी. लेखात एवढे होते. पुढची मेख मात्र राहिली: दा नांग स्टेशनात रूळ संपतात, इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि गाडी उलट दिशेने निघते. त्यामुळे दा नांगपर्यंत समुद्र दाखवणारी खिडकी पुढे डोंगर दाखवते. थेट प्रवास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मार्च २०२४ पासून याच टप्प्यावर हेरिटेज गाडीही धावते, ती लांग कोला काही मिनिटे थांबते. ती मिळाली नाही, तरी साध्या गाडीच्या बैठ्या डब्यातूनही तोच समुद्र दिसतो, उगाच हळहळू नये.

जागा निवडताना दोघांनी थोडा हिशेब करावा. चार बर्थच्या केबिनचा डबा २८ जणांचा, सहा बर्थचा ४२ जणांचा. दोन्हींत केबिन सातच. सहावाल्या केबिनमधला मधला बर्थ आपल्यासारखा दिवसा मिटत नाही, पक्का असतो. सर्वांत वरचा स्वस्त, पण तिथे ताठ बसता येत नाही. दोघांनी चारवाल्या केबिनमधले समोरासमोरचे खालचे दोन बर्थ घ्यावेत: खिडकी, छोटे टेबल आणि खालची सामानाची जागा आपली होते. वरचे प्रवासी दिवसा तुमच्या बर्थवर टेकतील, ते गृहीत धरावे. डब्याच्या मधली, म्हणजे चौथी केबिन उत्तम. टोकाला स्वच्छतागृहाचा वास आणि दाराची आदळआपट. केबिनमधले उरलेले दोघे कोणीही असू शकतात. बहीण सोबत असेल तर हे आधी बोलून घ्यावे.

तिकिटे रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे स्थानकांच्या यादीत ‘हो ची मिन्ह सिटी’ शोधत बसू नये, नाव ‘सायगॉन’ असे आहे. या मार्गावरच्या गाड्यांच्या क्रमांकाआधी ‘एसई’ ही अक्षरे असतात: विषम क्रमांकाच्या दक्षिणेकडे, सम क्रमांकाच्या उत्तरेकडे जातात. भारतीय कार्ड चालेलच असे नाही. मग एजंटांची संकेतस्थळे उरतात, ती कमिशन घेतात. नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टबरहुकूम हवेत. दोन्ही तिकिटे दोघांच्याही फोनमध्ये असावीत, एकाच्या फोनची बॅटरी हमखास नको तेव्हा बसते.

ई-व्हिसा प्रत्येकाचा स्वतंत्र. मुदत ९० दिवसांपर्यंत, शुल्क एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०, आणि अर्ज फेटाळला तरी पैसे परत नाहीत. मराठी नावांची गोची इथे होते: काहींच्या पासपोर्टात वडिलांचे नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यातच असते, काहींचा आडनावाचा रकाना कोराच असतो. आधारवर काय आहे ते विसरून पासपोर्टावरची अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा, हुबेहूब दिसणारी महागडी खासगी दुकाने पुष्कळ आहेत.

सामानाबद्दल. फलाट बुटके, डब्याच्या पायऱ्या उंच, कधी रूळ ओलांडून जावे लागते, म्हणून ४० लिटरपेक्षा मोठी सॅक नको. चादर मधल्या स्थानकावर बदलतीलच असे नाही, स्वतःची पातळ सुती चादर न्यावी. रात्री एसी बोचरा असतो, पायमोजे हवेत. आपला तीन पिनांचा जाड प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा बसतो. वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत. पहाटे झोपेत फेरीवाल्याला पैसे देताना शून्ये मोजावीत.

शाकाहाऱ्यांनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. तो आपला चहा नव्हे, शाकाहारी जेवण. गाडीत येणाऱ्या ढकलगाडीवर मात्र ते सहसा नसते: भातावर मांस असते आणि साध्या भाजीतही माशाचा सॉस पडलेला असू शकतो. डब्याच्या टोकाला उकळते पाणी मिळते, त्यावर पाकिटातले पोहे-उपमा होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, चढण्यापूर्वी बाजारातून केळी आणि पाव. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बौद्ध शाकाहार पाळतात, त्या दिवशी गावात अशी दुकाने सहज सापडतात.

शेवटची अडचण सायगॉनची. बऱ्याच गाड्या तिथे पहाटे पोहोचतात आणि स्टेशन शहराच्या पूर्वीच्या तिसऱ्या जिल्ह्यात आहे, पर्यटक राहतात त्या पूर्वीच्या पहिल्या जिल्ह्यात नाही (हे जिल्हे जुलै २०२५ मध्ये रद्द झाले). हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय सहसा मिळत नाही, त्यामुळे सॅक ठेवून घेणारे हॉटेल आधी विचारून ठेवावे. पुढच्या वेळी असा लेख छापताना पावसाचे महिने आणि तिथल्या सुट्ट्यांची छोटी चौकट सोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे